जुनें गाणें कोणाचें?

अंबरनाथ म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें शके ९८२ च्या शिलालेखाचें तें शिलाहारकालीन शिवालय उभें राहतें, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहास केवळ पाषाणांतच सांपडतो असें नाहीं. याच गांवांतील एका वृद्धाश्रमांत आम्ही व आमचे दोन स्नेही महिन्यांतून एक रविवार पेटी-तबला घेऊन जातों. ऐंशी-नव्वदीच्या माणसांच्या कंठांत तेथें जो इतिहास आम्हांस आढळला, त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

पहिल्याच दिवशीं आमची चूक झाली, ती आरंभींच कबूल करतों. जुनें गाणें म्हणजे नाट्यगीत, हें आमच्या घरचें समीकरण. आम्हीं मोठ्या उत्साहानें गंधर्वयुगांतील पदें म्हटलीं. श्रोत्यांनीं तीं सभ्यपणें ऐकून घेतलीं. आणि सभ्यपणें ऐकून घेतलें जाणें ही केवढी शिक्षा आहे हें गाणाराच जाणे! परततांना आगगाडींत बसून गणित मांडलें. 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलें १९११ सालीं. आज ऐंशी वर्षांची असलेली बाई जन्मली १९४५ च्या सुमारास. म्हणजे ती पाळण्यांत होती तेव्हांच बोलपटांनीं नाटकमंडळ्यांची दैना करून सोडली होती. तिच्या बाळपणाचें गाणें निराळें. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें आकाशवाणीवर माडगूळकर-फडक्यांचें 'गीतरामायण' दर आठवड्यास एकेक गीत याप्रमाणें वर्षभर चाललें. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली. आम्ही तिच्यापुढें तिचें नव्हे, तिच्या आजीचें तारुण्य गात होतों! मानसशास्त्रज्ञ सांगतात कीं, साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयांत जें कानांवर पडतें तें म्हातारपणीं अधिक दाटपणें आठवतें. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसास मुलाचें नांव आठवूं नये, परंतु गाण्याचें कडवें आठवावें, असेंही घडतें. पुढच्या खेपेस आम्हीं रामायणांतील गीतें आरंभिलीं तेव्हां मागच्या रांगेंतून दुसरी ओळ आमच्या आधींच उमटली.

ही चूक आमचीच होती असेंही नाहीं. संगीत रोग्यांवर कसें परिणाम करतें याचा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें आपल्या शुश्रूषेवरील ग्रंथांत केला होता. पुढें १८९१ सालीं लंडनमध्यें कॅनन हारफर्ड या धर्मोपदेशकानें सेंट सिसिलिया या संगीताच्या संतिणीच्या नांवानें एक मंडळ काढलें. इस्पितळांतील रोग्यांस मृदु संगीत ऐकवावें, इतकेंच नव्हे तर दूरध्वनीच्या तारेनें तें निरनिराळ्या इस्पितळांत पोंचवावें, असा त्याचा मनोदय होता. पैशाच्या अभावीं मंडळ फार काळ टिकलें नाहीं. कल्पना उदात्त खरी. परंतु तींत रोगी हा केवळ ऐकणारा, आणि संगीत ही वैद्यानें चाटवावयाची मात्रा. ऐकणाराच्या कंठांतही कांहीं असेल, हा विचार तींत कोठें दिसत नाहीं.

आमच्या आश्रमांत तो विचार आम्हांस एका सिंधी आजींनीं शिकविला. अंबरनाथच्या शेजारचें उल्हासनगर हें मूळचें दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणचें लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें त्यास हें नांव लाभलें. या आजी दहाव्या वर्षीं तेथें आल्या. सिंधमध्यें 'भगत' नांवाची एक कला आहे: अंगांत लांब जामा, पायांत घुंगरूं, आणि रात्रभर गायन, नर्तन व कथन. आपल्याकडील कीर्तनकार व शाहीर एकाच देहांत नांदावे तसा हा प्रकार! त्यांतले अग्रणी भगत कंवरराम (जन्म १८८५) मिळालेली बिदागी आंधळ्यापांगळ्यांत वांटून टाकीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजीं रुक स्टेशनांत आगगाडीच्या डब्यांत त्यांचा गोळी घालून खून झाला. आजींच्या वडिलांनीं त्यांस प्रत्यक्ष ऐकलें होतें. आजींच्या वांट्यास वडिलांचें गुणगुणणेंच काय तें आलें.

तीन रविवार त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. चौथ्या वेळीं आम्हीं, फार उशिरा सुचलेला, प्रश्न विचारला: "आजी, तुम्हांला काय ऐकायला आवडेल?" त्या म्हणाल्या, "ऐकायचं नाही. मला गायचंय." आणि लग्नघरांत बायका म्हणतात तो 'लाडा' त्यांनीं उचलला. आमच्या पेटीवाल्या स्नेह्यांनीं सूर शोधून शोधून पाहिला; तो दोन पट्ट्यांच्या मध्यें कोठें तरी होता. आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीस वर्षें पेटीस बंदी कां केली होती, यावर आम्हीं आजवर पुष्कळ वाद घातला आहे. त्या दिवशीं मात्र आम्हीं मुकाट्यानें भाता मिटला. शेजारच्या मराठी बाईंस एक अक्षर कळत नव्हतें, तरी त्यांनीं मांडीवर ठेका धरला.

आतां आम्ही तेथें जातांना पेटीबरोबर वहीही नेतों. त्या लाड्याचीं चार कडवीं उतरून झालीं आहेत. पांचवें आजींस आठवत नाहीं. आठवलें कीं निरोप धाडीन, असें त्या म्हणाल्या आहेत.