पालवणकर बाळू : धावफलकाच्या बाहेर

गोव्यात फुटबॉलचे वेड, त्यामुळे क्रिकेटच्या जुन्या इतिहासात आपण फारसे डोकावत नाही. पण पालवणकर हे आडनाव आपल्या कानाला परके नाही. कोकणातल्या पालवण गावचे ते पालवणकर. अशा एका चर्मकार कुटुंबात 1876 साली धारवाडला बाळूचा जन्म झाला. वडील लष्करात होते. मुले पुण्यात वाढली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकली.

बाळूने पहिली नोकरी केली ती पारशी क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तेथे चार रुपये. कॅप्टन ग्रेग सरावासाठी त्याच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत असे. बाद केले की आठ आणे द्यायचा, असे सांगतात. मात्र बॅट त्याच्या हाती कधी दिली गेली नाही. डावखुरी फिरकी तेवढी घडत गेली!

पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. मैदानावर तो फेकील तो चेंडू सगळ्यांना चाले. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. धावफलकात बळी लिहिले जातात, चहाचे भांडे नाही. चरित्रकाराची खरी अडचण येथेच सुरू होते.

रामचंद्र गुहा यांनी 2002 साली क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात बाळूला पुन्हा उभे केले, ते जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि मराठी मजकुराच्या आधारे. धाकटा भाऊ विठ्ठल याने 1948 मध्ये ‘माझे क्रीडा जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले होते. ते नसते तर घरातली बाजू कायमची हरवली असती. माझ्या मते इंग्रजी वृत्तान्तापेक्षा अशा घरच्या पुस्तकाचे मोल अधिक, भले त्यात भावाविषयीचा जिव्हाळा थोडा जास्त असो.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर पतियाळाच्या महाराजांचा संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने 114 बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. 1920 मध्ये त्यावरून शिवराम आणि विठ्ठल या भावांनी उघड निषेध करून संघ सोडला. 1923 मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाला, आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

कथा इथे थांबवावी असा मोह कुणालाही होईल. ‘लगान’मधला कचरा पाहून बाळू आठवणाऱ्यांना तर नक्कीच. पण पुढचे आयुष्य सोयीचे नाही. 1932 च्या पुणे करारावर बाळूची सही आहे. 1933 साली तो हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक हरला. 1937 मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत तो उभा राहिला काँग्रेसच्या बाजूने, आणि समोर होते खुद्द डॉ. आंबेडकर. मते पडली 13,245 विरुद्ध 11,225. हरला, पण फरक दोन हजारांचाच. हे प्रकरण वगळून लिहिलेला बाळू देखणा होईल, खरा होणार नाही.

1955 च्या जुलैत मुंबईत त्याचे निधन झाले.