सरकत्या वाटीची कुळकथा

पिंपळे सौदागरच्या कुणाल आयकॉन रस्त्यावर संध्याकाळी लिफ्टमधून उतरलेली बरीच कुत्री फेरीला निघतात. त्यात शित्झू असतात, पग असतात, पण सगळ्यांत टेचात चालतो तो पॉम, म्हणजे पोमेरेनियन. त्याची चाल जरा नीट पाहा. पळता पळता मागचा एक पाय तो मध्येच वर उचलतो, दोन-तीन पावले तीन पायांवर उड्या मारतो, पाय मागे झटकतो आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा दुडदुडू लागतो. घरच्यांना वाटते, लाडात आलाय. जनावरांचा डॉक्टर मात्र त्याला कुशीवर झोपवतो, मागचा पाय हळूच सरळ करतो, अंगठा गुडघ्याच्या वाटीवर ठेवून ती आतल्या बाजूला दाबून पाहतो आणि सांगतो, ‘ग्रेड टू आहे.’

ही ग्रेड आली कॅनडातून. गेल्फ विद्यापीठातील रॉबर्ट पुटनम यांनी 1968 मध्ये कुत्र्यांच्या सरकणाऱ्या वाटीवर प्रबंध लिहिला आणि या दुखण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीत वाटी दाबली तर सरकते, सोडली की जागेवर येते. दुसऱ्या पायरीत ती चालताना आपली आपण सरकते आणि पाय झटकला की परतते. रस्त्यावर दिसणारी ती उडी बहुधा याच पायरीची. तिसऱ्या पायरीत वाटी बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने मात्र बसवता येते. चौथ्या पायरीत ती हातानेही बसत नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिंगलटन यांनी कोणत्या पायरीला कोणती शस्त्रक्रिया करायची याची घडी बसवली. या तपासणीला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. जाणता अंगठा पुरतो. त्यामुळे ती जगभर पसरली आणि आपल्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचली.

दुखणे नेमके असते काय? मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते आणि गुडघ्याची वाटी त्या खाचेतून वर-खाली होते. खाच उथळ असली, किंवा वाटीची शीर नडगीच्या हाडावर आतल्या अंगाला सरकून जोडलेली असली, की वाटी कडेवरून घसरते. प्रत्येक घसरणीत कूर्चा घासते आणि वयाबरोबर संधिवात घर करतो. शस्त्रक्रियेत खाच खोल करतात, शिरेचा जोड कापून सरळ रेषेत आणून बसवतात. लहान जातींत वाटी बहुधा आतल्या बाजूलाच जाते. त्यांना हा धोका मोठ्या कुत्र्यांच्या सुमारे बारापट असल्याचे 1972 मध्ये अमेरिकेत नोंदले गेले. इंग्लंडमधील दोन लाखांवर कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी 2016 मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा या दुखण्यात पोमेरेनियनचा क्रमांक पहिला लागला. मागोमाग चिवावा आणि यॉर्कशायर टेरिअर.

पोमेरेनियन मुळात एवढा चिमुकला नव्हता. 1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा साडेपाच किलोंच्या आसपासचा कुत्रा घेतला. त्या काळी या जातीतले कुत्रे त्याहून बरेच मोठे असत. राणीची हौस ती साऱ्यांची हौस झाली आणि लहानात लहान पिलांच्या जोड्या लावण्याची चढाओढ सुरू झाली. आजचा पोमेरेनियन दोन-तीन किलोंचा आहे. आपल्याकडे चाळीत-वाड्यात वाढलेला पांढरा ‘पॉम’ बहुधा इंडियन स्पिट्झ असायचा, अंगाने थोराड. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफीही त्याच कुळीचा.

आकाराचे कोडे विज्ञानाला लवकर सुटले. 2007 मध्ये अमेरिकेतील इलेन ऑस्ट्रँडर यांच्या चमूने दाखवले की लहान जातींच्या ठेंगणेपणामागे आयजीएफ-1 या एका जनुकाचा मोठा वाटा आहे. 2022 मध्ये तर त्याचा लहानखुरा प्रकार सुमारे 54 हजार वर्षांपूर्वीच्या सायबेरियन लांडग्यात सापडला. डॅशहुंडच्या आखूड पायांचे मूळही 2009 मध्ये एफजीएफ-4 या जनुकाच्या एका जादा प्रतीत मिळाले. त्यामुळे वाटीचा गुन्हेगारही असाच एकटादुकटा हाती लागेल, अशी आशा होती. थायलंडमधील संशोधकांनी पोमेरेनियनच्या वंशावळी मांडल्या, संशयित जनुके तपासली. दुखणे घराण्यात चालते हे स्पष्ट झाले, पण एका जनुकावर बोट ठेवता आले नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असलेल्या दुखण्यात जनुक-चाचणीसाठी गालातून कापसाचा बोळा फिरवून ‘हो’ किंवा ‘नाही’ असा निकाल मिळत नाही.

मग वाट उरते ती अंगठ्याचीच. नेदरलँड्समध्ये फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर जातीत जोडी लावण्याआधी दोघांचे गुडघे तपासायचे आणि दोषी जनावर बाजूला ठेवायचे असा रिवाज पाडला, तेव्हा पिढ्यांगणिक दुखण्याचे प्रमाण उतरत गेले. ही आकडेवारी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. जनुकशास्त्राने तिथे हिशेब पुरवला. कच्चा माल मात्र पुटनमच्या त्या चार पायऱ्यांचा होता.

आपल्याकडे ही गरज जास्तच आहे. एप्रिल 2016 पासून पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणण्यास केंद्र सरकारने मनाई केली. त्यामुळे आहे त्याच रक्तात जोड्या फिरण्याचा धोका वाढला. 2017 च्या पैदास नियमांनी मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची जोडी लावू नये, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा विऊ देऊ नये, आठ आठवड्यांखालचे पिलू विकू नये असे बंधन घातले. गिऱ्हाईक मात्र ‘पेपर आहेत का?’ एवढेच विचारते. त्या कागदावर आजोबा-पणजोबांची नावे असतात, गुडघ्यांचा मात्र उल्लेख नसतो. पिलू पाहायला गेलात तर त्याच्या आईबापाला फरशीवर चालवून दाखवायला सांगा आणि दोघांच्या वाट्या डॉक्टरांकडून तपासून ग्रेड लिहून मागा. पैदास करणारा टाळाटाळ करू लागला तर खुशाल दुसरे घर बघा. लग्न जमवताना कूळ विचारणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवावे लागू नये.