‘कुंकू’तली नीरा आणि व्ही. शांताराम

आजच्या गप्पा एका दिग्दर्शकाविषयी. व्ही. शांताराम म्हटलं की आपल्याला ‘पिंजरा’ आठवतो. पण त्यांचं वेगळेपण मला दिसतं ते त्याच्या 35 वर्षं आधीच्या ‘कुंकू’मध्ये.

शांताराम कोल्हापूरकडचे, जन्म 1901 चा. बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करत ते सिनेमा शिकले. 1929 मध्ये साथीदारांबरोबर त्यांनी ‘प्रभात’ कंपनी काढली. तेव्हा पडद्यावर देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गोष्टी जास्त चालत. प्रभातनंही त्या केल्या. अशा गोष्टींतली बाई बहुतेक वेळा सोसणारीच असे.

1937 मध्ये ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर शांतारामांनी ‘कुंकू’ काढला. नीराचा मामा पैशापायी तिचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतो. नीरा रडत बसत नाही. “हे लग्न मला मान्य नाही,” अशी भूमिका घेऊन ती त्याच घरात ठाम उभी राहते. शांता आपटे यांनी ही नीरा उभी केली.

दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याला राक्षस केला असता. शांतारामांनी त्याला माणूसच ठेवलं. हळूहळू त्याला स्वतःची चूक उमगते. म्हणून बघणाऱ्या पुरुषालाही आपल्या घराचा विचार करावा लागतो. सिनेमात मागून वाजणारं संगीतही नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे हे आपल्या शेजारीच घडतंय असं वाटतं.

नीराच्या बाजूनं उभी राहते ती वकिलाची विधवा मुलगी. ते काम केलं शकुंतला परांजपे यांनी. त्या खऱ्या आयुष्यातही कुटुंबनियोजनाच्या कामात होत्या. बाईला साथ बाईची, हे इथं दिसतं.

शेवटी वकील स्वतःचं आयुष्य संपवतो, तेव्हाच नीरा सुटते. हा शेवट मनाला बोचतो. पण तेव्हाचा कायदा आठवा. शारदा कायद्यानं मुलीचं वय किमान 14 ठरवलं होतं, नवरा किती मोठा असावा याला मर्यादा नव्हती. नीरासारख्या बाईला घटस्फोटाची वाटही नव्हती. देशभरच्या हिंदू बायांना कायद्यानं ती मिळाली 1955 मध्ये. म्हणजे सिनेमानं 18 वर्षं आधी दाखवलं, की या घराला दारच नाही.

चांगला दिग्दर्शक कोणता? माझ्या मते, जो बाईच्या ‘नाही’ला गोष्टीच्या मधोमध जागा देतो.

आज मुलीचं लग्नाचं वय 18 आहे, दारही आहे. तरी स्थळ ठरताना मुलीला विचारतं कोण? गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढ्या प्रश्नावर बोला. जमलं तर मोबाइलवर ‘कुंकू’ लावा, आणि घरातल्या पुरुषांनाही बसवा.