इवल्याशा कंडेन्सरची गोष्ट

परवा माळा आवरताना नानांचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला. पत्र्याची पेटी, मागे 'टू एन ३०५५'ची जोडी, आणि आत बोर्डावर एका इवल्याशा कंडेन्सरची रिकामी जागा. ती मीच रिकामी केली होती, अकरावीत असताना. कबुली देतोच, पण आधी थोडा इतिहास.

२ ऑगस्ट १९२७. बेल लॅबचा तरुण इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. लांबच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येक जण आवाजात आपली थोडी खोट मिसळे. त्याला बोटीतच सुचलं: बाहेर आलेल्या सिग्नलचा काही भाग उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे चूक आपोआप वजा होते. हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'वरच त्याने ते उतरवलं. हेच निगेटिव्ह फीडबॅक. पेटंट मिळायला मात्र १९३७ उजाडलं.

गोम अशी की प्रत्येक स्टेज सिग्नलला थोडा उशीर लावते. फ्रीक्वेन्सी वाढली की हा उशीर अर्ध्या आवर्तनाइतका होतो आणि वजाबाकीची बेरीज होते. तेव्हा फेरीतला गेन एकाहून जास्त उरला असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर आपला आपणच गायला लागतो. याचं गणित नायक्विस्टने १९३२ साली मांडलं. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आलेल्या विल्यमसनच्या गाजलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला उत्तम ट्रान्सफॉर्मर लागायचा, तोही याच भीतीपोटी.

ट्रान्झिस्टरच्या जमान्यातला सोपा उपाय म्हणजे मधल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये छोटा कंडेन्सर. १९२० साली मिलरने दाखवलेल्या परिणामामुळे तो प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा असल्यासारखा वागतो आणि उशीर साचायच्या आत गेन खाली आणतो. किंमतही आहेच. आउटपुटच्या चपळाईला मर्यादा पडते. १९७० साली फिनलंडच्या मॅटी ओटालाने त्यावर बोट ठेवलं आणि पुढे बरीच वर्षं वाद रंगले.

त्याच वादाचं अर्धवट काहीतरी वाचून मी नाना बाहेर गेलेले बघून तो कंडेन्सर काढला. रेकॉर्ड लावली. आवाज झक्क! पंधरा मिनिटांत जळका वास आला. ट्वीटर गेला, ट्रान्झिस्टर गेले. अ‍ॅम्प्लिफायर गात होता, पण कानांना ऐकू न येणाऱ्या पट्टीत.

"व्होल्टेज वाढलं असेल," मी म्हणालो.

नानांनी पेटी उघडली. बोर्डावरच्या त्या दोन रिकाम्या भोकांकडे बघितलं. "असेल," एवढंच म्हणाले. स्वतः एकेक सुटा भाग आणून जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर, पण पुन्हा कधी दुरुस्त केला नाही. मला वाटलं, सुटलो.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काल मी शंभर पिकोफॅरडचा कंडेन्सर आणून त्या जागी बसवला. नवे ट्रान्झिस्टर अजून आणायचेत.

असो. ताई, तुलाही हे आजच कळतंय. फोन करशीलच.