वाकळेच्या पोटात

आमच्या घराण्याची वंशावळ हेळव्याच्या चोपडीत आहे. सुगी झाली की तो बैलावर बसून दारात यायचा, पूर्वजांची नावं एका दमात म्हणायचा आणि पायली-दोन पायली जोंधळे घेऊन पुढच्या वाड्याला जायचा. कोण कुठून आला, कुणाला किती मुलगे झाले, कोण निपुत्रिक गेला, सगळं त्यात. लेकी-सुनांचा हिशेब मात्र आमच्या पानात तरी नाही. तो आजीकडे होता आणि तिला अक्षरओळख नव्हती. ती साल सांगायची ते कापडावरून.

"तुझा बाप झाला तवा कंट्रोल हुता," ती म्हणायची. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. पैसे असले तरी हवं तेवढं कापड मिळेना. आजीला त्या दिवसांतलं राजकारण ठाऊक नव्हतं. पण बाळंतपणात एकच लुगडं धुऊन-वाळवून नेसावं लागलं, हे ती मरेपर्यंत विसरली नाही. त्या लुगड्याचं पुढं दुपटं झालं, दुपट्यावर आमच्या तिन्ही आत्या वाढल्या, आणि अगदीच विरल्यावर ते वाकळेच्या पोटात गेलं.

वाकळ आमच्याकडे, कऱ्हाडच्या बाजूला, उन्हाळ्यात पडायची. 'पडायची' म्हणजे जमिनीवर आधी जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे थरानं लावायचे, वरून दुसरं लुगडं ताणायचं आणि चार बायकांनी चार कडांना बसायचं. कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. टाका बोटाच्या पेरापेक्षा लांब गेला की आजी तो उसवायला लावायची. सगळ्यात शेवटी मधोमध एक चौकोनी तुकडा बसायचा, तो घास. त्याच्या खाली ती भाकरीचा वाळका तुकडा ठेवायची. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कशी देईल, हा तिचा सवाल. भाकरीच्या वासानं उंदीर वाकळ कुरतडतील असं आईनं एकदा सुचवून पाहिलं; तिला पुढचं वर्षभर सुई मिळाली नाही.

वाकळ फाटली तर टाकायची नसते. तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा शिवायचं. त्यामुळे घरातलं सगळ्यात जुनं कापड नेहमी सगळ्यात आत. वरून दिसते ती कालपरवाची सून, पणजी खाली कुठेतरी. तिला पाहायचं तर वाकळ उसवावी लागेल, आणि उसवली तर हातात नुसती भुकटी येईल.

थोरल्या आत्याची वाकळ आम्ही 'भूकंपाची' म्हणतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आत्या माहेरी बाळंत झालेली, बारसं व्हायचं होतं. कोयनेचा धक्का बसला तेव्हा आजीनं पोराला उचललं आणि आत्याला वाकळेसकट ओढत अंगणात आणलं. पुढं कित्येक रात्री आख्खं गाव उघड्यावर निजत होतं. पाळणा आढ्याला टांगायची कुणाची छाती होईना, म्हणून बारसं खळ्यावर झालं, चिंचेच्या फांदीला झोळी बांधून. शेकोटीची ठिणगी पडून वाकळेचा कोपरा जळाला. आजीनं त्यावर लाल खणाचं ठिगळ लावलं. लाल का, तर ते लांबून दिसावं म्हणून. ती कधी ठिगळ लपवायची नाही.

मग फुलाफुलांचे, रेघारेघांचे तुकडे येतात. ते मुंबईकर तात्यांचे. तात्या गिरणीत साच्यावर होते. गणपतीला गावी येताना पिशवीभर कटपीस आणायचे. कुणाचं परकर-पोलकं, कुणाची कुंची, उरलेलं वाकळेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांवर कामगार घरी बसले, आणि आमच्या वाकळांतलं नवं कापड थांबलं. त्यानंतरच्या दोन वाकळा नुसत्या विटक्या धोतरांच्या आहेत. संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण घरात तो एवढाच शिल्लक आहे. तात्या स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

याउलट ट्रंकेतलं रुखवत. दोसुतीवर भरलेले राघू-मैना, काचेच्या कांड्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, लोकरीचं 'सुस्वागतम'. धाकट्या आत्यानं लग्नाआधी डोळे फोडून केलेलं हे सगळं लग्नात दिवसभर मांडलं गेलं आणि डांबराच्या गोळ्यांत गेलं ते आजही कोरं आहे. पाहुण्यांना आम्ही तेच दाखवतो. वापरलं नाही म्हणून टिकलं, आणि टिकलं म्हणून तीच आमची परंपरा झाली. मला हे पटत नाही. राघू-मैना नमुन्याच्या पुस्तकातून उतरवलेले आहेत. कुणाच्याही ट्रंकेत तेच सापडतील. जळका कोपरा आमचा आहे.

आता भाची पुण्याहून बाळंतपणाला यायची आहे. तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनेरच लागतं, नवं टोचतं, हे थोरल्या आत्याचं ठाम मत. ऐंशी ओलांडली तरी दुपटं तीच शिवणार. आईनं कपाट उपसलं. निघाल्या त्या सगळ्या नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर. आत्यानं एकेक बोटांत चुरगाळून बाजूला ठेवली. ह्यात लेकराचं मुतही मुरायचं नाही, म्हणाली. कुणालाही सुती लुगडं नेसून वर्षं झालीत, विरणार कुठून? दुकानात तयार सुती दुपटी मिळतात, असं भाचीनं फोनवर सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, "जावईबापू सदरे कसले घालत्यात?"

जावई आयटीत आहेत, घरात जुने सुती टी-शर्ट घालून बसतात. परवा कुरियरनं त्यांचा गठ्ठा आला. त्यातल्या एकावर कंपनीचं नाव छापलंय. ते काढायचं की राहू द्यायचं यावर आई आणि आत्या यांचं अजून एकमत झालेलं नाही.