तापमान अंशशोधन कुंड : अचूकता आणि सुरक्षितता यांचा ऐतिहासिक मागोवा

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघाले की काल्हेर लागते. एकेकाळचे हे शेतीचे गाव गेल्या काही दशकांत गोदामांसाठी ओळखले जाऊ लागले. गोदामात लस ठेवायची झाल्यास बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा पाळावी लागते. हिपॅटायटिस-बी सारखी लस गोठली तर निकामी होते. भिंतीवरचा तापमापक खरे सांगतो काय, हे मात्र गोदामात कळत नाही. त्यासाठी त्याला प्रयोगशाळेतील अंशशोधन कुंडात, म्हणजे 'कॅलिब्रेशन बाथ'मध्ये, प्रमाण तापमापकाशेजारी बुडवावे लागते. सतत ढवळलेल्या, स्थिर तापमानाच्या द्रवात दोन्ही वाचनांची तुलना करणे, एवढेच या कुंडाचे तत्त्व आहे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा पुण्याशी निगडित आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. 'सिमला ऑफिस' हे नाव शिवाजीनगरात अद्याप टिकून आहे. १९४८ मध्ये तेथील उपकरण विभागात अॅना मणी रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. वेधशाळेच्या तापमापकांचा पल्ला मर्यादित असल्याने त्यांच्या तपासणीस पाणी, बर्फ वा अल्कोहोल पुरते. उद्योगांना याहून वरचे तापमान लागते, आणि धोका तेथूनच वाढतो.

१९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत उकळत्या गंधकाचा ४४४.६० अंश हा एक नियत बिंदू होता. उकळते गंधक हाताळणे किती जोखमीचे, हे सांगावयास नको. १९६० मध्ये त्याऐवजी जस्ताच्या गोठणबिंदूची शिफारस झाली व १९६८ च्या श्रेणीतून गंधक वगळले गेले. उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर फार अवलंबून असतो, गोठणबिंदू तितका नसतो. म्हणजे हा बदल मूलतः अचूकतेसाठी होता. हाताळणाऱ्यास मिळालेले संरक्षण हा त्याचा आनुषंगिक लाभ म्हणावा लागेल.

हीच वृत्ती पुढेही दिसते. अंशशोधन प्रयोगशाळांच्या क्षमतेविषयीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २००५ च्या आवृत्तीत, सुरक्षिततेच्या आवश्यकता आपल्या कक्षेत येत नाहीत, असे स्पष्ट नमूद होते. ही आवृत्ती २०१७ मध्ये बदलली. मानकाने आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली, यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सारे झाले असे मानणाऱ्यांचा.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र आरोग्याचा विचार अग्रभागी आला. २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या तापमापकांच्या उत्पादन व व्यापारासाठी २०२० हे मुदतवर्ष ठरविले. मुदतवाढीची आणि अतिअचूक मापनाची सवलत ठेवली. भारताने २०१८ मध्ये या करारास मान्यता दिली. तप्त कुंडात असा तापमापक फुटल्यास पाऱ्याची विषारी वाफ खोलीभर पसरते, म्हणून काचेचा तापमापक एकदम न बुडविता हळूहळू तापवूनच आत सोडतात.

सिलिकॉन तेलाच्या कुंडाची शिस्त निराळी आहे. तेल प्रसरण पावते, म्हणून ते काठोकाठ भरीत नाहीत. कार्यतापमान तेलाच्या प्रज्वलनांकाच्या पुरेसे खाली ठेवावे लागते, धूर बाहेर ओढणारा पंखा चालू असावा लागतो, आणि मुख्य नियंत्रकापासून स्वतंत्र असा अतिताप-खंडक आवश्यक असतो, कारण नियंत्रकच बिघडला तर त्याच्यावर विसंबता येत नाही. बर्फकुंडातून काढलेला ओला संवेदक थेट १५० अंशांच्या तेलात गेला, तर त्यावरील पाण्याची क्षणात वाफ होऊन तेल हातातोंडावर उडते. तो आधी कोरडा पुसावयाचा असतो, आणि कुंड रिकामे करावयाचे ते तेल निवल्यानंतरच.