लीग्ज क्लब

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात रग्बी लीगच्या, म्हणजे तेरा खेळाडूंच्या रग्बीच्या, संघाला आर्थिक आधार देणारी सभासदांची ना-नफा संस्था. १९५६ साली या राज्याने नोंदणीकृत क्लबांतील ‘पोकर मशीन’ या जुगारयंत्रांना कायदेशीर मान्यता दिली. तेव्हापासून यंत्रे, उपाहारगृह आणि मद्यविक्री यांतून उरणाऱ्या शिलकीचा काही भाग संघाला अनुदान म्हणून मिळू लागला आणि केवळ तिकिटविक्रीवर न भागणारा खेळाडूंच्या मानधनाचा खर्च त्यातून निघू लागला. ज्या वस्तीने संघावर जीव लावला, तिच्याच यंत्रांवर हरलेल्या पैशांतून संघ चालावा, ही या व्यवस्थेतील खरी वेदना होय. पुढे प्रक्षेपण-हक्कांच्या रकमेतून स्पर्धा चालवणाऱ्या मध्यवर्ती संघटनेकडून मिळणारा वाटा निर्णायक ठरला, त्यामुळे स्पर्धेतील स्थान हीच संघाची मुख्य मिळकत झाली. १९०८ साली स्थापन झालेल्या साउथ सिडनी या संघाला १९९९च्या हंगामानंतर, स्पर्धेतील संघसंख्या चौदावर आणताना, वगळण्यात आले. समर्थकांनी रस्त्यावर उतरून आणि न्यायालयात झगडून तो संघ २००२ मध्ये परत आणला. मानधनाच्या एकूण खर्चावरील कमाल मर्यादा, म्हणजे ‘सॅलरी कॅप’, हा संघांना ऐपतीबाहेर जाण्यापासून रोखणारा बांध आहे.